ब्रॉडकास्टचा आडवा हात

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढे माझी फजिती आहे, आणि ज्याची फजिती झाली तो अगदीच अडाणी नव्हता, एवढं वाचणाऱ्याला आधी ठाऊक असलेलं बरं.

गाव आमचं चिखलीच्या बाजूला. सकाळी गाडी जुंपली तर बाजार भरेपर्यंत चिखलीत. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे आमची राजधानी नागपूर. शिकायला अमरावती, साहेबाला भेटायला नागपूर. पुणं आम्हाला ठाऊक होतं ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर, छापणाऱ्याच्या पत्त्यात.

घरात थोरला भाऊ, वहिनी आणि मी. आई-वडील मी लहान असतानाच गेले. भावाने शाळा सोडून मोट धरली म्हणून माझी शाळा सुटली नाही. कोरडवाहू वावरात ज्वारी आणि कपाशी होती, पण रोजचं मीठमिरची चालायचं ते विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यांवर. भाऊ बैल हाकून मोटेने पाणी काढायचा, वहिनी वाफ्यांत मेथी आणि सांबार लावायची. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते आमचं सांबार. त्यांचं सांबार वेगळं, ते खायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आमच्याकडे पेरायच्या दोन तऱ्हा. ज्वारी तिफणीने पेरायची. तिफणीच्या नळ्यांतून बी खाली उतरतं आणि ज्या त्या तासात, म्हणजे सरीत, सरळ ओळीने पडतं. भाजीचं बी मात्र फोकायचं, म्हणजे मुठीत घेऊन हाताने वाफाभर पसरायचं. दिसायला सोपं, पण नवख्याने फोकलं तर एका जागी झुबका उगवतो आणि दुसऱ्या जागी टक्कल पडतं. वहिनीचं तसं होत नसे. तिचा हात गावात नावाजलेला होता.

तिची पद्धत अशी. बी आधी सारखं दोन ढिगांत वाटून घ्यायचं. पहिला ढीग वाफ्याच्या लांबीने फोकत जायचा, तो उभा हात. मग वाफ्याच्या बाजूला येऊन दुसरा ढीग रुंदीने फोकायचा, तो आडवा हात. उभ्या हातात जिथे जागा सुटली असेल तिथे आडव्या हाताचं बी जातं. आणि पहिल्या मुठीपासून शेवटच्या मुठीपर्यंत ती तोंड उघडत नसे. ती तिच्या माहेरची रीत. बोललं की हात बिचकतो, असं तिच्या घरी मानत. एकदा पाटलाचा माणूस बांधावर उभा राहून भाऊ कुठे म्हणून विचारत राहिला. हिने मोकळ्या हाताने विहिरीकडे बोट दाखवलं आणि फोकणं चालूच. मी बांधावर बसलेलो असलो आणि उभा हात संपला, की ती माझ्याकडे बघून तळवा पालथा धरायची आणि हवेत डावीकडून उजवीकडे फिरवायची. म्हणजे दुसरा ढीग आण, आता आडवा हात. ही खूण मी चड्डी घालायला लागलो तेव्हापासून पाहत होतो.

तर मी बी.ए. झालो आणि घरी येऊन बसलो. बसलो म्हणजे अर्ज करत बसलो. गावातून गेलो की पारावरून आवाज यायचा, "काय हो बीए, कोन्या साहेबाची वाट पाहून राह्यले?" मी उत्तर द्यायचो, "साहेब माही वाट पाहून राह्यला, त्याले पत्ता सापडत नाही." लोक हसायचे, मीही हसायचो. घरी गेल्यावर मात्र भाऊ हसत नसे. त्याने एके दिवशी बैल सोडता सोडता सांगून टाकलं.

"दिवाळीपर्यंत पाह्यतो. नोकरी लागली तं लागली. नाही तं तू मोट धर, मी दुसऱ्याचं वावर बटईनं करतो. मले एक मानूस पाह्यजे."

"बीए होऊन मोट हाकू?"

"बीए होऊन बसून खातच आहे ना? मंग हाकाले काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी आणखी दोन अर्ज टाकले.

त्याच सुमारास नागपूरला रेडिओ नवाच सुरू झाला होता. खेड्यांसाठी संध्याकाळी एक कार्यक्रम असायचा आणि त्यासाठी शेतीतलं कळणारा, लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे होता. मी अर्ज केला. नागपूरला बोलावून कचेरीतल्या टेबलापाशीच आवाजाची परीक्षा घेतली, त्यात पास झालो. तिथले अधिकारी पुण्याकडचे, सोनेरी काड्यांचा चष्मा घालणारे, बोलणं एकदम कोरीव. त्यांनी सांगितलं, "आवाज ठीक आहे. रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांवर आमची भाषणं चालू आहेत. एखादा शब्द निवडा आणि दहा मिनिटांचं भाषण लिहून पाठवा. ते चांगलं झालं, तर खेड्याच्या कार्यक्रमातली जागा तुमची. एक लक्षात ठेवा. आधी लिहून मंजूर झालेलं असेल तेवढंच वाचायचं. त्याबाहेर एक शब्द नाही."

शब्द माझ्याकडे तयार होता.

कॉलेजात असताना तिथल्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. इतका जड, की त्याला स्वतःचं टेबल होतं. ते युद्धाचे दिवस. ज्याच्या त्याच्या तोंडी ब्रॉडकास्ट. आज अमक्याचं ब्रॉडकास्ट, काल तमक्याने ब्रॉडकास्ट केलं. मी म्हटलं, पाहू तर खरं काय आहे. पान काढलं, तर वरच्या ओळींत रेडिओ कुठेच नाही. पहिला अर्थ: हाताने फेकून पसरलेलं, बियांसंबंधी. ब्रॉड म्हणजे रुंद, पसरट. कास्ट म्हणजे फेकणे. तिफणीने ओळीत न पेरता मुठीने वावरभर उधळलेलं बी, ते ब्रॉडकास्ट. मला वाटलं चुकून दुसऱ्याच शब्दावर आलो. बोट ठेवून पुन्हा वाचलं. तेच. रेडिओ खाली, शेपटाला. मी मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना काय सांगणार, की विलायतेच्या शहाण्यांनी आमच्या वहिनीचा शब्द उचलला म्हणून हसतो आहे?

हळूहळू बाकीचंही जमवलं. बिनतारी यंत्र निघालं ते मुळात जहाजांसाठी, या माणसाचा निरोप त्या माणसाला, तारेसारखाच, फक्त मधली तार नाही. तेव्हा कोणी तिसऱ्याने ऐकलं तर ती चोरी. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की अरे, कोणीही ऐकू शकतं हीच तर याची गंमत आहे. निरोप एकाला कशाला, सगळ्यांना द्या. पण या कामाला नाव काय द्यायचं? बोलणाऱ्याला समोर कोणी दिसत नाही, आणि आपला शब्द कोणत्या घरात जाऊन पडला हे त्याला कधी कळत नाही. इंग्रजी भाषेत असं एकच काम आधीपासून होतं, ते शेतकऱ्याचं. तिथून शब्द उचलला. बातमी चौफेर पसरवणं याही अर्थाने तो रेडिओच्या आधीपासून लोक वापरत होतेच. पुढे त्याचा भूतकाळ कसा करायचा यावर इंग्रजी प्रोफेसर भांडत असत, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

आपल्याकडच्या विद्वानांनी त्याला ध्वनिक्षेपण म्हटलं. क्षेपण म्हणजे फेकणंच, तेव्हा शब्द चुकीचा नाही, पण त्यात बियाणं राहिलं नाही. नभोवाणी म्हटलं, त्यात आकाश आलं आणि वावर गेलं. चिखलीच्या लोकांनी मात्र शब्द जसाच्या तसा घेऊन वापरायलाही काढला होता. बाजारात एक बाई दुसरीला म्हणताना मी स्वतःच्या कानाने ऐकलं, "तिच्यापाशी काही सांगू नको व, गावभर ब्राडकास करन." शब्दाचा याहून चांगला उपयोग मी कोणत्याही कोशात पाहिला नाही.

तर हे सगळं मी झोकदार मराठीत लिहिलं. 'तद्वतच', 'किंबहुना', 'सारांश', जे जे कॉलेजात शिकलो ते सगळं त्यात घातलं. पाठवलं, मंजूर होऊन परत आलं. आता वाचायचा सराव.

सराव करायचा तर वेळ मोजायला पाहिजे आणि आमच्या घरी घड्याळ नव्हतं. शाळेतल्या मास्तरांचं मनगटी घड्याळ एका सकाळपुरतं मागून आणलं, विहिरीवर बसलो, दहा मिनिटांत भावाच्या किती मोटा होतात ते पाहून ठेवलं आणि घड्याळ परत करून आलो. झालं, मोटेचं घड्याळ घरचंच. रोज सकाळी थारोळ्याजवळ उभं राहून मोठ्याने वाचायचो. मोट वर आली की चाक कुरकुरायचं, पाणी थारोळ्यात धबाधबा पडायचं, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे. म्हणून मी थांबायचो. पाणी पडून गेलं की पुढचं वाक्य. भाषण बरोबर दहा मिनिटांत बसत होतं. मी खूश.

भाऊ वरून विचारायचा, "काऊन थांबला बे?"

"मोट वाजून राह्यली ना. ऐकू येत नाही."

"कोनाले ऐकू येत नाही? तुही वैनी फोकून राह्यली, ते बोलत नाही. बैलायले बीएचं समजत नाही. राह्यलो मी. मले ऐकाचंच नाही."

वहिनीची शेवटची मूठ पडली की तिचं तोंड उघडायचं. एकदा हात झटकत म्हणाली, "भाऊजी, तुमी हे कोनाले सांगून राह्यले?"

"साऱ्यायले. वैनी, हे तुह्या फोकन्याबद्दलच आहे."

"अस्सं? मंग मले काऊन समजलं नाही?"

"शुद्ध मराठी आहे ते."

"मले वाटलं इंग्रजीच आहे," ती म्हणाली आणि टोपलं घेऊन निघून गेली.

भाषणाचा दिवस नेमका चिखलीच्या बाजाराचा निघाला. चिखलीत कापडाचं दुकान असलेले एक चाचा होते. भाऊ लहान असल्यापासून बाजाराला गेला की त्यांच्याच पायरीवर भाकर खायचा. त्यांच्याकडे मोटारीच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ होता आणि बाजार उठायच्या वेळी खेड्यांतली माणसं त्यांच्या पायरीवर बसून तो ऐकत. मी जाताना त्यांना सांगायला गेलो.

चाचांनी कापड मोजायचा गज बाजूला ठेवला. "बेफिकीर जा बेटा. साऱ्या बाजारले बसवून ऐकवतो. मधात कोनं कापडाचा भाव इचारला, तं त्याले कापडच देत नाही."

म्हणजे जागा गेली तर ती साऱ्या बाजारासमोर जाणार होती. याचा मी आधी विचार केला नव्हता.

चिखलीहून मोटारीने बुलढाणा, तिथून घाट उतरून मलकापूर, मलकापुराहून नागपूरची गाडी. घाटात मोटार वळणं घेत होती आणि मी डोळे मिटून 'तद्वतच' घोकत होतो. शेजारचा कपाशीचा अडत्या मला म्हणाला, "भाऊ, मंतर म्हनून राह्यले काय? आमच्यासाठीबी म्हना, डायवरचा ब्रेक काही खरा नाही."

नागपूरला रेडिओच्या भाषणाच्या खोलीत शिरलो आणि दार लागलं, तसा मी चमकलो. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. भिंतींना जाडसर काहीतरी मढवलेलं, पायाखाली सतरंजी, खिडकी एकच, तीही शेजारच्या खोलीत उघडणारी आणि तिला काच. काचेपलीकडे ते अधिकारी. लाल दिवा लागला की बोलायचं, आणि तेव्हा तोंडातून निघालेला शब्द तत्क्षणी सगळ्या वऱ्हाडात. आधी बोलून ठेवायची सोय नव्हती.

दिवा लागला. मी वाचू लागलो. आवाज चांगला निघाला, अडखळलो नाही, 'किंबहुना' तर असं सफाईने म्हटलं की वा. पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि शेवटचा 'सारांश' म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. अर्धा वेळ जेमतेम झाला होता.

क्षणभर मला काही उमगेना. भाषण तेच, मी तोच. मग डोक्यात उजेड पडला. मोट. इथे मोट नव्हती. चाक कुरकुरलं नाही, पाणी पडलं नाही, म्हणून मी कुठे थांबलोच नाही. माझ्या दहा मिनिटांतली निम्मी मिनिटं भावाच्या पाण्याची होती आणि ती विहिरीवरच राहिली होती.

लाल दिवा जळतोच आहे. सगळ्या वऱ्हाडात शांतता जाते आहे. चाचांच्या पायरीवर सगळा बाजार त्या शांततेकडे कान लावून बसला असेल. मी काचेकडे पाहिलं. अधिकारी उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघून तळवा पालथा धरला आणि हवेत डावीकडून उजवीकडे फिरवला.

माझा जीव भांड्यात पडला. ही खूण मला कोणी शिकवायची गरज नव्हती. उभा हात झाला. आता आडवा.

मी कागद पालथे ठेवले आणि बोलू लागलो. पण दुसरा ढीग कागदावर नव्हता, तो घरच्या बोलीतच होता. मी म्हणालो, "आता वैनी, तुले सांगतो. आतापर्यंत बोललो ते तुले समजलं नसन, मले ठाऊक आहे. साहेब लोकायपाशी पहिले तार होती. तार म्हनजे आपली तिफन. ज्याच्या नावाचं बी त्याच्याच तासात पडन, शेजारच्याले एक दाना भेटाचा नाही. अन् हा रेडिओ म्हनजे तुही मेथी. तू मूठ भरली अन् सोडली. कोनता दाना कुठं जाईन, तुले काय ठाऊक? मी आता नागपुरात बसून बोलून राह्यलो, मले इथं एक मानूस दिसत नाही. तू बाजारात आहे का घरी निंघाली, भाऊनं बैल जुंपले का नाही, काही समजत नाही. तरी बोलून राह्यलो. या कामाले इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हनते. हे नाव त्यायनं तुह्यापासूनच घेतलं, फक्त तुले इचारलं नाही."

मग मी तिचे दोन ढीग सांगितले, उभा हात-आडवा हात सांगितला, न बोलता फोकायची तिच्या माहेरची रीत सांगितली. म्हणालो, "तुह्यात अन् माह्यात फरक एवढाच, तुले फोकताना बोलाची बंदी, अन् मले गप बसाची." काचेपलीकडे गर्दी व्हायला लागली होती. एक सतारवाला, एक चपराशी, तबकड्या लावणारा माणूस, सगळे काचेला नाक लावून उभे. अधिकारी दोन्ही हात हलवत होते. मी समजलो, रंगलं आहे. घड्याळाचा काटा जागेवर आला तेव्हा "येतो वैनी" म्हणून थांबलो. दिवा विझला.

दार उघडून अधिकारी आत आले. चेहरा लाल.

"काय होतं हे?"

"आडवा हात," मी म्हणालो.

"मी तुम्हाला थांबा म्हणून खूण करत होतो. भाषण लवकर संपलं तर आम्ही तबकडी लावतो. तुम्ही बोलतच सुटलात. मंजूर नसलेलं. आणि ते, त्या भाषेत."

"तुम्ही तळवा असा फिरवला ना?"

"मग? त्याचा अर्थ बंद करा असा होतो. सगळ्या जगात."

सगळ्या जगात होत नाही, हे मला ठाऊक होतं, पण ती वेळ नव्हती. मी कागद गोळा केले. ते म्हणाले, "कळवू आम्ही." कळवू म्हणजे काय, हे एवढे अर्ज केलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात मोट हाकत मलकापूर गाठलं. चिखलीत उतरल्यावर मागच्या गल्लीने निघणार होतो, पण चाचांनी पाहिलंच.

"अरे बीए, इकडं ये. तोंड लपवून काऊन जाऊन राह्यला?" त्यांनी पायरीवर बसवून चहा मागवला. "सांगू काय झालं? पयले पयले कोन्ही ऐकेच ना. तुहा भाऊ म्हने, हा आमचा नाही, आमचा असा बोलत नाही, दुसऱ्याचाच लावला तुमी. मी म्हनलं, अरे तुह्याच भावाचं नाव सांगतलं ना आता. तरी मानेना. लोकायनं उठून सामान बांधाले सुरुवात केली. मंग एकदम बंद. म्या म्हनलं, गेली बॅटरी. खाली वाकलो वायर पाहाले, तेवढ्यात तू म्हनतो, आता वैनी."

"मग?"

"मंग काय. तुही वैनी उभी होती, ते मटकन बसली. सामान बांधनारे बसले. भाजीवाल्या बायका तं अशा पुढं आल्या का मले दुकानाच्या बाहेर ढकललं. मलेच ऐकू येईना बे, माह्याच रेडिओचं."

मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण बाजार बसल्याने जागा मिळत नाही.

घरी भावाने एवढंच विचारलं, "काय म्हने साहेब?"

"कळवू म्हने."

"म्हनजे मोट."

"मोट," मी म्हणालो.

वहिनी चुलीशी होती. तिने भाकर उलटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "साऱ्या वऱ्हाडाले माह्या माहेरची रीत सांगून आले. दोघीजनी इचारून गेल्या, तोंड बंद ठेवून फोकलं तं खरंच सारखं उगवते काय. म्या सांगतलं, तुमच्यानं होत असन तं करून पाहा. तिसरी सासूले घेऊन आली, म्हने हिले शिकव." भाऊ पहिल्यांदाच हसला. मला वाढताना मात्र तिने लोणी जास्त घातलं, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोट धरली. बोलल्याप्रमाणे. सुरुवातीला बैलांनाही मी नको होतो, पण जमलं. पारावरच्यांनी नवीन काढलं होतं, "काय हो रेडिओ, आज काही लागत नाही?" मी मोटेचा दोर, सोंदूर, हातात धरून सांगायचो, "बॅटरी चार्ज होऊन राह्यली."

दिवाळी तोंडावर आली आणि नागपूरहून कार्ड आलं, येऊन भेटा. भाऊ म्हणाला, "रागावाले इतक्या लांब बोलावते काय?" मलाही तेच वाटत होतं, पण गेलो.

अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, यावरूनच काहीतरी वेगळं आहे हे कळलं. ते चष्मा पुसू लागले.

"त्या दिवशी मी फार चिडलो होतो," ते म्हणाले. "अजूनही तुमचं चुकलं असंच मानतो. पण एक गोष्ट मला विसरता येईना. काचेपाशी आमचीच माणसं उभी होती. ही माणसं दिवसभर रेडिओ ऐकतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. तुमच्या पहिल्या भाषणाला त्यातलं एकही उभं नव्हतं. मीसुद्धा, खरं सांगतो, वर्तमानपत्र चाळत होतो. आणि ते भाषण मीच मंजूर केलं होतं."

मी खुर्चीत जरा पुढे सरकलो.

"खेड्याच्या कार्यक्रमात या. पण पुन्हा सांगतो, लिहिल्याशिवाय बोलायचं नाही. तुमचा तो आडवा हात इथे लिहून आणायचा, मी वाचणार, मग मंजूर. उभा हात नाही आणलात तरी चालेल."

मग विचारलं, "हवेत हात फिरवला की तुमच्याकडे खरंच दुसरा ढीग आणतात?"

"हो साहेब."

"मग तुम्ही स्टुडिओत असताना मी खिशात हात घालून उभा राहीन," ते म्हणाले, आणि त्या कोरीव चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

नागपूरला राहायला जाण्याच्या आदल्या सकाळी मी मोटेवरच होतो. भाऊ म्हणाला होता, साहेब झाला तरी आजचं पाणी काढून जा, दुसरा मानूस उद्यापासून येते. वहिनी खालच्या वाफ्यात सांबार फोकत होती. पहिल्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं मी बैलांना ऐकवत होतो, आणि या वेळी पाणी पडताना न थांबता. मोट रिकामी झाली, तसं मी वरून ओरडून विचारलं, "वैनी, मी गेल्यावर रेडिओ ऐकाले जाशीन ना चिखलीले?"

तिचा उभा हात चालू होता. ओ नाही. मी बैल मागे घेतले, मोट भरली, वर आणली, पाणी थारोळ्यात ओतलं. उभा हात संपला. तिने नेहमीसारखा तळवा पालथा धरून हवेत फिरवला, पण बांधावर मी नव्हतो. तेव्हा तीच चार पावलं गेली, दुसरा ढीग उचलला आणि आडवा हात सुरू केला. मी आणखी एक मोट काढली.

शेवटची मूठ पडली. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले, कंबर सरळ केली आणि विहिरीकडे मान वर केली.

"किती वाजता राह्यते?" तिने विचारलं.